संगणकावरच्या लुडोमध्ये सहाचे दान कमी पडते, असे आई म्हणते: तिला कसे पटवून द्यावे?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्यांसाठी लुडोचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. धाकटी बहीण न्यू जर्सीत, भाऊ पुण्यात, मी बंगळुरूला आणि आई कऱ्हाडला, अशी आमची चार दिशांना चार तोंडे आहेत. त्यामुळे दर रविवारी रात्री साडेआठला, म्हणजे बहिणीकडे सकाळ झालेली असताना, आम्ही चौघे ब्राउझरमध्ये एकाच पटावर बसतो. नियम आमच्या घरातलेच ठेवले आहेत. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही, सहा पडले किंवा दुसऱ्याची सोंगटी मारली की आणखी एक दान मिळते, लागोपाठ तीन वेळा सहा पडले की ते दान बाद होते, आणि शेवटच्या घरात नेमका आकडा पडला तरच जाता येते.

अडचण अशी की, आई पहिल्या महिन्यापासून म्हणते आहे, "तुझ्या या फाशात सहा नाहीच." तिचे वय ७४ आहे. लहानपणी ती तिच्या आजीबरोबर कवड्या टाकून सोंगट्या खेळत असे आणि पुढे आम्हा तिघा भावंडांना लुडो तिनेच शिकवला. प्रत्येक दान स्वतंत्र असते, मागच्या दानाचा पुढच्याशी काही संबंध नसतो, हे मी तिला अनेक वेळा समजावून सांगितले. ती ऐकून घेते, पण तिला ते पटलेले नाही. मागच्या दोन रविवारी तर "तुम्ही खेळा, मी बघते" असे म्हणून ती नुसती बसून राहिली. हा सगळा खटाटोप मुळात तिच्यासाठी केलेला असल्यामुळे मला ते फार लागले. संगणकाचा फासा प्रामाणिक आहे हे वयस्कर माणसाला कसे समजावून सांगावे, याबद्दल कोणाचा अनुभव असेल तर कृपया सांगावा.

दुसरी एक छोटी अडचणही आहे. क्वचित एखादी सोंगटी घराच्या रंगीत पट्ट्यात शिरलेली असतानाही मारली जाते, जे व्हायला नको. तिचे कारण मला अद्याप सापडलेले नाही.

दशमान

आपल्या आईंना वाटते तसे जवळजवळ प्रत्येक खेळाडूला वाटते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. फासा अगदी खरा असला तरी लागोपाठ दहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. चौघे खेळत असतील, तर त्यांपैकी निदान एकाला पहिल्या सहासाठी दहाहून अधिक दाने थांबावे लागेल, असे सुमारे निम्म्या डावांत घडते. म्हणजे दर दुसऱ्या रविवारी आपल्या घरात कोणी तरी चारही सोंगट्या घरात घेऊन ताटकळत बसलेले असणार, आणि ज्याच्यावर ती पाळी येते त्याला ती विसरता येत नाही. वीस दानांत एकही सहा न पडण्याची शक्यता मात्र २.६ टक्के इतकीच आहे.

लाकडी पटावर फासा आपल्या मुठीत असतो, तो आपण हलवतो, फुंकर घालतो, त्यामुळे वाईट दान पडले तरी ते आपल्या हाताचे असते. पडद्यावर बटण दाबल्यावर आकडा दुसऱ्या कोणी तरी दिल्यासारखा वाटतो. माझ्या मते आपण पडद्याच्या एका कोपऱ्यात प्रत्येक आकडा आजवर किती वेळा पडला याचा तक्ता दाखवावा. तो डोळ्यांसमोर राहिला की आईंची शंका हळूहळू मिटेल.

निळी सोंगटी

दशमान यांचे गणित बरोबर आहे, पण मला वाटते की आपण सगळे थोडी घाई करत आहोत. जी व्यक्ती साठ-पासष्ट वर्षे पटावर बसलेली आहे, तिला दान ओळखण्याची सवय असते. त्यामुळे त्यांना समजावण्याआधी आपण स्वतःचा प्रोग्रॅम तपासला आहे का, हे मला विचारावेसे वाटते. फाशाचा आकडा जिथे ठरतो ती एक ओळ इथे लिहावी. तसेच आईंना नेमके काय जाणवते तेही विचारावे: फक्त सहा कमी पडते, की आणखी एखादा आकडाही?

कोयनाकाठ

आपल्या सांगण्यावरून काल रात्री आईला फोन केला. तिचे उत्तर जसेच्या तसे लिहितो: "एकसुद्धा कमी पडतो. घराच्या दारात सोंगटी एका घरासाठी अडून बसते आणि दोन, तीन, चार, पाच पडत राहतात." मग तिने सांगितले की ती गेले काही आठवडे दाने लिहून ठेवते आहे. दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर तिने एक ते सहा अशा सहा ओळी आखल्या आहेत आणि चौघांचेही प्रत्येक दान ती रेघेने नोंदवते: चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी. दोन रविवारी ती "मी बघते" म्हणून बसली होती, तेव्हा ती रेघा ओढत होती, हे मला कालपर्यंत माहीत नव्हते. भावाने व्हिडिओ कॉलवर पानाचा फोटो काढून पाठवला. तीनशे दाने पूर्ण झाल्यावर तिने खाली रेघ मारून बेरीज केली आहे, ती अशी: एक २६ वेळा, दोन ६६, तीन ५५, चार ५८, पाच ६४ आणि सहा ३१.

फाशाची ओळ जावास्क्रिप्टमध्ये आहे. मॅथ.रँडम मधून येणाऱ्या संख्येला मी ५ ने गुणतो, तो गुणाकार मॅथ.राउंड ने जवळच्या पूर्ण संख्येला नेतो आणि त्यात १ मिळवतो. म्हणजे ० ते ५ मध्ये १ मिळवून १ ते ६ मिळावेत, असा विचार होता.

निळी सोंगटी

आपल्या आईंचे अगदी बरोबर आहे. चूक प्रोग्रॅममध्ये आहे, आणि त्यांनी ती कोड न पाहता नेमकी पकडली आहे.

मॅथ.रँडम शून्यापासून एकपर्यंतची, पण एक वगळून, कोणतीही संख्या सारख्याच शक्यतेने देते. तिला ५ ने गुणले की आपल्यासमोर शून्य ते पाच लांबीची एक पट्टी येते. ही पट्टी मॅथ.राउंड कशी कापते ते कागदावर काढून पाहावे. ०.५ ते १.५ पर्यंतच्या तुकड्याचे १ होते, १.५ ते २.५ पर्यंतच्या तुकड्याचे २ होते, आणि असेच ४.५ पर्यंत चालते. हे चारही तुकडे पूर्ण एक मापाचे आहेत. पण शून्याच्या वाट्याला फक्त ० ते ०.५ आणि पाचाच्या वाट्याला फक्त ४.५ ते ५ एवढाच तुकडा उरतो, म्हणजे दोन्ही टोकांना अर्धी-अर्धी मापे. त्यात १ मिळवल्यावर ही दोन टोके फाशावरचा एक आणि सहा होतात. परिणामी आपल्या फाशावर एक आणि सहा प्रत्येकी १० टक्के पडतात आणि दोन ते पाच प्रत्येकी २० टक्के. तीनशे दानांत एक आणि सहा सुमारे तीस-तीस वेळा आणि बाकीचे साठ-साठ वेळा पडायला हवेत. आता आईंच्या वहीतले आकडे पुन्हा एकदा पाहावेत.

उपाय त्या एका ओळीतच आहे. ६ ने गुणावे, राउंड ऐवजी मॅथ.फ्लोअर वापरून अपूर्णांक टाकून द्यावा आणि मग १ मिळवावा. पट्टीचे सहा सारखे तुकडे होतील.

ही चूक इतके दिवस का लपली, तेही सांगतो. खऱ्या फाशाची सरासरी ३.५ असते आणि आपल्या बिघडलेल्या फाशाचीही सरासरी ३.५ च आहे, कारण दोन्ही टोकांकडून सारखेच कमी झाले आहे. त्यामुळे पटावर धावणाऱ्या सोंगट्यांचा वेग नेहमीसारखाच दिसतो आणि नजरेला काही खटकत नाही. खटकते ते फक्त जिथे नेमके सहा किंवा नेमका एक लागतो तिथे, म्हणजे सोंगटी बाहेर काढताना आणि घराच्या दारात. पहिल्या सहासाठी सरासरी सहा दाने लागायची, तिथे आपल्याकडे दहा लागत होती. दहा दाने कोरडी जाण्याची शक्यता १६ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेली होती. लागोपाठ तीन सहांची शक्यता २१६ मध्ये एक असते, ती हजारात एक झाली होती. आपला "दान बाद" हा नियम फारसा वापरावाच लागला नसेल.

दशमान

माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेतो. त्यातले आकडे खरे असले तरी ते चुकीच्या जागी वापरले गेले, आणि आईंची शंका हळूहळू मिटेल असे मी न तपासता लिहिले, याबद्दल मनापासून क्षमस्व.

त्यांच्या वहीवर मी काय-स्क्वेअर चाचणी, म्हणजे आकडे अपेक्षेपेक्षा किती दूर आहेत हे मोजणारी संख्याशास्त्रातली चाचणी, करून पाहिली. खरा फासा असता तर तीनशे दानांत प्रत्येक आकडा पन्नासच्या आसपास असायला हवा होता. प्रत्येक आकड्याचा पन्नासपासूनचा फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला पन्नासने भागायचे आणि सहाही उत्तरांची बेरीज करायची. ती २९.५६ येते. खऱ्या फाशाच्या बाबतीत ही बेरीज २०.५२ च्या वर जाण्याची शक्यता हजारात एक इतकीच असते. म्हणजे प्रोग्रॅमची ओळ आपण दाखवली नसती, तरी त्या एका पानावरून फासा खोटा आहे असे ठामपणे म्हणता आले असते. हे पान जपून ठेवावे.

फासा दुरुस्त करतच आहात तर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. सध्या दान कोणाच्या मशीनवर ठरते? प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये ठरत असेल आणि मग तो आकडा इतरांना पाठवला जात असेल, तर नेट मध्येच तुटल्यावर पान पुन्हा उघडणाऱ्याला नवे दान मिळते, आणि कोणाच्याही मनात नसताना एकाला दोन संधी मिळतात. दान सर्व्हरवर ठरवावे, तिथे आधी नोंदवावे आणि मगच फासा गडगडताना दाखवावा. सर्व्हरवर एकेक यादृच्छिक बाइट घेऊन आकडा काढणार असाल तर ६ ने भागून उरलेली बाकी थेट वापरू नये. बाइटच्या २५६ किमती असतात आणि २५६ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे पहिल्या चार बाक्यांना ४३ आणि शेवटच्या दोन बाक्यांना ४२ किमती मिळतात. हा फरक अगदी थोडा आहे, पण सहाच्याच वाट्याला पुन्हा कमी यायला नको. २५२ आणि त्यावरची किंमत आली की ती टाकून देऊन नवा बाइट घ्यावा, कारण २५२ म्हणजे बरोबर सहा वेळा ४२.

पटवर्धिनी

रंगीत पट्ट्यातली सोंगटी का मारली जाते, त्याचा अंदाज मला आला आहे, कारण माझ्या मुलाच्या शाळेच्या प्रकल्पात हीच चूक झाली होती. लुडोच्या पटावर फिरण्याची घरे ५२ असतात आणि चार रंगांच्या सुरुवातीच्या घरांमध्ये १३-१३ घरांचे अंतर असते. प्रत्येक सोंगटीचा प्रवास तिच्या स्वतःच्या सुरुवातीच्या घरापासून ० असा मोजला, तर ० ते ५० ही सामाईक घरे, ५१ ते ५५ ही तिच्या रंगाच्या पट्ट्यातली पाच घरे आणि ५६ म्हणजे मधले घर. पटावरचे सामाईक स्थान काढण्यासाठी प्रवासात त्या रंगाचा ०, १३, २६ किंवा ३९ मिळवून ५२ ने भागून बाकी घेतात. ही बाकी फक्त प्रवास ५० किंवा त्याहून कमी असेपर्यंतच घ्यायची असते. १३ पासून निघालेली निळी सोंगटी ५३ व्या पावलावर, म्हणजे स्वतःच्या पट्ट्यातल्या तिसऱ्या घरात सुखरूप असताना, बाकी घेतली तर १४ येते, आणि १४ वर आलेली लाल सोंगटी तिला मारते. मारण्याची तुलना करण्याआधी दोन्ही सोंगट्यांचा प्रवास ५० च्या आत आहे ना, एवढे तपासावे.

जाता जाता एक विनंती. माझ्या नात्यातल्या एका मुलाने असाच खेळ तयार करताना मागे पडलेल्या खेळाडूला गुपचूप जास्त सहा मिळतील अशी सोय केली होती, म्हणजे लहान मुले रडणार नाहीत. हेतू चांगला होता, पण आपल्या घरात असे कधीही करू नये. ज्या आईने रेघा ओढून फासा तपासला, तिला हेही कळेल, आणि तेव्हा तिला वाईट वाटेल ते चुकीमुळे वाटले त्यापेक्षा जास्त. खेळ हलका करायचाच असेल तर उघड नियम करावा. अनेक घरांत एक पडला तरी सोंगटी बाहेर काढतात. त्यामुळे शक्यता तीनात एक होते आणि सरासरी तीन दानांत पट सुरू होतो. नियम सगळ्यांना सारखा आणि सगळ्यांना माहीत असलेला असावा.

आजोळ

आपल्या आईंनी कवड्यांचा उल्लेख केला म्हणून मुद्दाम लिहिते आहे. लुडो हा आपल्याच पचिसीचा सोपा केलेला अवतार आहे. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचे पेटंट घेतले गेले आणि कवड्यांच्या जागी घनाकृती फासा आला. 'लुडो' हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'मी खेळतो'. जर्मनीत योसेफ फ्रीडरिश श्मिट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच घराण्यातला त्यांचा खेळ बनवला, आणि २०१६ साली नवी मुंबईतल्या गेमेशन या कंपनीने लुडो किंग मोबाइलवर आणला. तो २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. एवढा मोठा फेरा मारून खेळ परत आपल्याच दारात आला, याचा मला फार आनंद होतो.

पण या फेऱ्यात कवडी हरवली, आणि तिच्याबरोबर दानाचा स्वभावही. फाशाचे सहाही आकडे सारखेच पडतात. कवड्यांचे तसे नसते. सहा कवड्या हातात खुळखुळवून टाकल्या की किती उताण्या पडल्या यावर दान ठरते, आणि तीन उताण्या पडणे हे सहाच्या सहा उताण्या पडण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. कवडी नाण्यासारखी दोन्ही बाजूंना सारखी आहे असे क्षणभर मानले, तर ६४ पैकी २० वेळा तीन पडतील आणि एकदाच सहा. खरी कवडी तशी सारखी नसते. तिची पाठ फुगीर आणि पोट चपटे, शिवाय प्रत्येक कवडीचा घाट वेगळा. पंचवीसच्या ज्या मोठ्या दानावरून पचिसी हे नाव पडले, ते दुर्मीळ असते म्हणूनच पडले की सगळी ओसरी ओरडते. आपल्या आईंना "फाशात सहा नाही" हे इतक्या लवकर जाणवले, त्याचे मूळ मला इथे दिसते: कोणते दान किती वेळाने पडायला हवे, याचा अंदाज त्यांच्या हातात लहानपणापासून बसलेला आहे.

माझी सूचना अशी आहे की, लुडो सुधारून झाल्यावर आपण आईंसाठी कवड्यांचाही पट करावा. चार भुजा, प्रत्येक भुजेत आठ-आठ घरांच्या तीन रांगा, मध्ये मोठे घर आणि फुली मारलेली सुरक्षित घरे. दानाचे नियम घराघरांत वेगळे असतात, त्यामुळे ते पुस्तकातून न घेता त्यांनाच विचारावेत. आणि संगणकात थेट ० ते ६ मधला आकडा काढू नये. सहा कवड्या एकेक करून टाकाव्यात आणि उताण्या मोजाव्यात. कवडी किती वेळा उताणी पडते हे जाणून घ्यायचे असेल, तर खऱ्या कवड्या घेऊन काही शे वेळा टाकाव्या लागतील. ते काम कोणाला सांगायचे, हे आपल्याला माहीतच आहे.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शुक्रवारी रात्री फाशाची ओळ बदलली, दान सर्व्हरवर नेले, आणि पटवर्धिनी ताईंनी सांगितलेली ५० ची तपासणी घातली. पट्ट्यातली सोंगटी मारली जाण्याची चूक नेमकी तीच होती.

शनिवारी सकाळी आईला फोन करून सांगितले की फासा खरोखरच चुकीचा होता, चूक माझी होती आणि तुझ्या वहीवरून ती सापडली. इतके महिने तिला समजावत राहिलो याबद्दल तिची माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मला वाटलेच होते, पण तू इतका शिकलेला, म्हणून मी आधी लिहून काढले." हे ऐकल्यापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

रविवारी ती खेळली. तिची पहिली सोंगटी चौथ्या दानाला बाहेर निघाली, भावाच्या दोन सोंगट्या तिने मारल्या आणि डाव बहिणीने जिंकला. वही मात्र अजून मिटलेली नाही. नव्या पानावर तिने पुन्हा सहा ओळी आखल्या आहेत आणि रविवारअखेर ११८ दाने झाली आहेत. तीनशे झाल्यावर ती मला आकडे सांगणार आहे आणि मी ते इथे लिहीन.

आजोळ ताईंची सूचना तिला वाचून दाखवली. माळ्यावरच्या डब्यात आजीच्या सात कवड्या आहेत, त्यांपैकी एक थोडी फुटलेली आहे, असे तिने लगेच सांगितले. उरलेल्या सहा ती या आठवड्यात धुऊन काढणार आहे. तिच्या आजीच्या घरी कोणत्या दानाला काय म्हणत आणि फुलीवर दोन सोंगट्या बसल्या तर काय होत असे, हे तिने सांगायला सुरुवात केली आहे. तिच्याकडून सगळे नियम लिहून घेतले की पटाच्या रचनेबद्दल नवा प्रश्न घेऊन येईन.